सांगलीतल्या कॉलेजात मेंटॉर आहे. समलिंगी किंवा ट्रान्स विद्यार्थ्यांना साथ कशी द्यावी?

आधी एकच सांभाळा: विद्यार्थ्याने सांगितलेलं तुमच्यापाशीच राहू दे. सांगली-मिरजेत कोण कोणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही. स्टाफरूममधला शब्द संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. माझ्या एका विद्यार्थिनीने जर्नल छातीशी धरून पहिलं हेच विचारलं, "सर, घरी फोन नाही ना करणार?" मी नाही म्हटलं, तेव्हा कुठे ती खुर्चीत बसली.

कोणत्या नावाने हाक मारू हे विचारा, आणि कोणासमोर मारायची नाही तेही. २०१८ पासून सज्ञानांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. २०१९ च्या कायद्याने ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याशी कॉलेजला भेदभाव करता येत नाही. हे प्राचार्यांना सांगायला कचरू नका. मूल खचलेलं दिसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं.