बाहेर पाजायचं सोडू नकोस

"प्रतीक्षा कक्षात बाळाला पाजत होते, तिथल्या बाई म्हणाल्या, शौचालयात जा. आता बाहेर जाताना बाटलीच नेणार." तुझ्या या ओळी वाचून राहवलं नाही. ८ वर्षांपूर्वी मला हेच ऐकवलं गेलं आणि मीही नेमकं हेच ठरवलं होतं.

धरायचं कसं वगैरे सांगत बसत नाही, ३ महिने पाजते आहेस म्हणजे ते तुला येतंच.

एका कार्यालयात कागदासाठी ताटकळत बसले होते. हटकल्यावर निमूट उठले, शौचालयात ओल्या फरशीवर उभ्यानेच पाजायला घेतलं. बाळ रडतंय, माझे हात थरथरताहेत आणि पान्हा काही केल्या फुटेना. पान्हा फुटतो शरीरातल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे), आणि लाज, भीती, ताण आला की तो अडतो. तेव्हा मला वाटलं, आपलंच दूध आटलं.

पण खरं नुकसान केलं ते त्यानंतरच्या माझ्या निर्णयाने. निघताना पाजायचं, बाहेर पावडरचं दूध, घरी आल्यावर पुन्हा अंगावर. एखाद-दुसरी वेळ चुकली तर काय होतंय, असं वाटायचं. छाती भरलेली राहिली की शरीर दूध कमी बनवू लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी छाती दगडासारखी झाली, मग गाठ, मग हुडहुडी भरून ताप. त्यात कुणाचं तरी ऐकून गाठ जोरजोरात चोळली, सूज आणखी वाढली. (आता चोळू नका, थंड शेक घ्या, पाजणं चालू ठेवा, असं सांगतात. मी डॉक्टर नाही. ताप आला तर दुखणं अंगावर काढू नकोस.) बरी होईपर्यंत दूध निम्म्यावर आलं होतं, बाळ बाटलीला सरावलं होतं. पाचव्या महिन्यात अंगावरचं सुटलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या अन्नासोबत २ वर्षं आणि त्यानंतरही. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं. मग घराबाहेर पाजू नका म्हणजे बाईने घराबाहेरच पडू नये, असंच ना? स्वतंत्र कक्ष असावेत, जिला हवा तिने वापरावा. पण कक्ष आहे म्हणून बाकीच्या जागा बंद, हे मला मान्य नाही. कापड घेण्याचंही तसंच. तुला बरं वाटत असेल तर घे. माझी धाकटी कापड टाकलं की घामाघूम होऊन तोंड काढायची.

धाकटीच्या वेळी भिंतीला पाठ लावून बसायचे आणि नजर तिच्यावरच ठेवायचे. कुणी बोललंच तर एकच वाक्य: "तिला भूक लागलीय, पाजून झालं की बोलते." सुरुवातीला बहीण सोबत असायची, त्याने फार धीर आला.

तक्रार लेखीच दे. तारीख, वेळ आत्ताच टिपून ठेव, मी टिपली नव्हती आणि नंतर कुणी दाद दिली नाही. कायदा जागोजागी वेगळा आहे, तुझ्याकडचा बघून घे. स्कॉटलंडमध्ये २००५ च्या कायद्याने २ वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजताना अडवणं हा गुन्हा आहे.

आणि आज छाती जड वाटत असेल, तर सकाळची वाट न बघता बाळाला घे.