संगीत शिकायला निघालेल्या मुलीस

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

गायनाच्या पदवीला प्रवेश मिळाल्याचं कळवलंस, आणि त्याच मेसेजमध्ये तक्रारीही मोजून टाकल्यास. मैत्रिणी पुण्याला आणि बडोद्याला चालल्या, तू मात्र घरापासून टेंपोने नीडम रोडवरच्या इथल्याच विद्यापीठात. वर्गात मोजकीच मुलं. बाहेरगावच्या पाहुण्यांना विद्यापीठाचं नाव सांगितलं की ते विचारतात, हे कधी निघालं? राजा मानसिंह तोमर संगीत आणि कला विद्यापीठ २००८ सालचं आहे, म्हणजे जवळजवळ तुझ्याच वयाचं. पाहुण्यांना खुशाल तसं सांग.

पुण्याचं म्हणशील तर तिकडची ख्यालगायकी मुळात इकडून गेली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. आपल्या लष्कर भागातल्या मराठी घरांना या गोष्टीचा अभिमान जरा जास्तच आहे, आणि नुसत्या अभिमानाने कुणाच्या गळ्यात तान उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. तुला त्यातून घ्यायचं ते वेगळं आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी वर्गाचं. मुलं कमी असली की लपायला जागा नसते. मोठ्या वर्गात घोळक्याच्या आवाजात बेसूर खपून जातो. इथे तुझी स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, रोज एकटीची ऐकली जाईल आणि ‘पुन्हा’ असं रोज ऐकावं लागेल. पहिले काही आठवडे रडू येईल, येऊ दे. सकाळी तास सुरू होण्याआधी खोली बहुधा रिकामी असते, परवानगी काढून तानपुरा लावून बसत जा. तानपुरा स्वतः लाव, मोबाइलमधला नको. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, कशी बोलते ते कानाला कळायला लागलं की निम्मं काम झालं.

लहान विद्यापीठात शेजारच्या वर्गाचं दारही जवळ असतं, आणि मुलं हे विसरतात. तबला शिकणाऱ्या मुलांना साथीचा सराव करायला गाणारं कुणीतरी हवंच असतं, आणि तुला विलंबित तिलवाडा तालाचा ठेका सतत कानावर पडायला हवा. एखाद्याशी ठरवून टाक, आठवड्यातून दोन संध्याकाळी. कथकच्या वर्गात पढंत चालते, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणतात, तेव्हा कोपऱ्यात बसून हातावर ताल धर, लयीचा हिशेब तिथे जितका स्वच्छ कळतो तितका आपल्या गाण्याच्या वर्गात कळत नाही. नाटकवाल्यांकडून शब्द कसा टाकायचा ते ऐक. आपले गवई शब्द चावून टाकतात, हे माझं जुनं भांडण आहे. चित्रकलेची मुलं गुजरी महालाच्या संग्रहालयात रेखाटायला निघाली तर त्यांच्याबरोबर जा. ज्या मानसिंहाचं नाव तुझ्या पदवीवर येणार, त्याने बांधलेली ती वास्तू आहे, आणि ध्रुपद या जुन्या गायनप्रकाराला त्याच्याच दरबारात मान मिळाला.

आता मघाशी राहिलेलं. आपली गायकी म्हणजे आधी स्थायी-अंतरा पूर्ण आणि नेटका मांडायचा, मग विस्तार. म्हणून इथे बंदिशीला एवढी किंमत. या गावात हद्दू-हस्सू खाँ हे ख्यालाचे मोठे गवई होऊन गेले, कृष्णराव शंकर पंडितांचं घराणं इथलं, माधव संगीत महाविद्यालय भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये इथेच सुरू झालं. या सगळ्यांच्या शिष्यांचे शिष्य अजून जनकगंजात, दौलतगंजात जुन्या वाड्यांमधून राहतात. कुणी आजी आहे, कुणी निवृत्त मास्तर. त्यांच्या ट्रंकेत हाताने लिहिलेल्या वह्या असतात. तू हमीरची किंवा गौडसारंगची एकच जुनी विलंबित बंदिश घे आणि ती तीन-चार घरांत जाऊन ऐक. एकाच्या तोंडी एक शब्द असेल, दुसऱ्याच्या दुसरा. कुणी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एका अक्षरावर घेईल, कुणी पुढच्या. प्रत्येक पाठ भातखंड्यांच्या स्वर लिहायच्या पद्धतीने, भातखंडे स्वरलिपीत, उतरवून काढ, कुणाकडून आणि केव्हा घेतला ते खाली लिही. कोणतं बरोबर हे इतक्यात ठरवायला जाऊ नकोस. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचार, आणि नंतर त्यांना परत ऐकव. पहिल्याच भेटीत वही मागू नकोस. पहिल्या भेटीत चहा प्यायचा आणि त्यांच्या सुनेने गाणं का सोडलं ते ऐकायचं.

दोन-तीन वर्षांत तुझ्याकडे जे जमेल त्यावर लघुप्रबंध सहज होईल, आणि असं काम मोठ्या शहरातल्या मुलीला इथे येऊन राहिल्याशिवाय करता येणार नाही. त्याआधी ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जुने प्रबंध चाळ, फुकट आहेत. पहिली दोन प्रकरणं बहुतेकांत एकमेकांवरून उतरवल्यासारखी वाटतील, ती सोड. परिशिष्टं वाच, मुलाखती आणि बंदिशी तिथेच असतात.

एका गोष्टीची मात्र मला खरी भीती वाटते. लहान जागेत चांगली मुलगी लवकर ‘आमची लता’ होते. प्रत्येक स्वागतगीत तिचं, प्रत्येक सरस्वतीवंदना तिची, वर्षभर सत्कार. तीन वर्षांनी बघावं तर राग तेच चार. यातली निम्मी आमंत्रणं नाकार. तुला ओळखत नाहीत अशांसमोर वर्षातून एकदा तरी गाऊन ये, स्पर्धा असो की शिबिर. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. निवड होवो न होवो, परक्या परीक्षकांपुढे बसणं घडतं. अर्जाला गुरूचं प्रमाणपत्र लागतं, ते आत्ताच मागून ठेव.

डिसेंबरात तानसेन समारोह. १९२४ पासून चालू आहे आणि दारात आहे म्हणून आपण जात नाही. तू सगळ्या सभांना जा. उद्घाटनाच्या सकाळी तानसेनाच्या समाधीवर शहनाई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान, होतं, तेही चुकवू नकोस. गाणं चालू असताना मोबाइल वर धरू नकोस. गवयाने पहिली दहा मिनिटं कोणत्या स्वरांवर काढली एवढंच कागदावर टिपून ठेव आणि दुसऱ्या दिवशी सरांना दाखव.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचं विचारलं होतंस. सरकारच्या ‘स्वयम’ संकेतस्थळावरचे श्रेयांक घेता येतात, पण तुझ्या विभागाने ते मान्य करायला हवेत, म्हणून नाव नोंदवायच्या आधी कार्यालयात लेखी विचार. तोंडी ‘हो जाएगा’ वर विसंबू नकोस. प्रवेशाला जाताना सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स ने, आणि मूळ मार्कशीट दिलीस तर पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

जनकगंजातल्या दोन घरांशी मी बोलून ठेवलं आहे. शनिवारी चारनंतर त्यांना चालेल. येताना आईकडून थोडं मेतकूट आण, तिथल्या आजींना आवडतं.

तुझी,
काकू