शहरात एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारा प्लांट) असूनही नदीला वास येतो, मग त्या प्लांटचा उपयोग काय?

अशाच एका मध्यम शहराच्या प्लांटवर मी केमिस्ट होतो. रोजचं तीन-चार कोटी लिटर मैलापाणी. तुमचा प्रश्न वाचून आधी चिडलोच, कारण माझा मेहुणा दर दिवाळीला पंगतीत हेच ऐकवतो.

जाळी, ग्रिट म्हणजे वाळू काढणं, एरेशन म्हणजे हवा सोडणं, क्लोरीन हे टप्पे कुठेही वाचायला मिळतील. मुद्दा एवढाच की मैला जिवाणू खातात आणि खाताना ऑक्सिजन ओढतात. ते खाणं टाकीत ब्लोअरच्या हवेवर झालं तर नदीचा ऑक्सिजन शाबूत राहतो. नदीत झालं तर मासे तडफडतात. प्लांट नदी वाचवतो तो असा. हा मैला खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन म्हणजे बीओडी. आत येणारा बीओडी लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. नीट चालवला तर बाहेर पडताना तो दहाच्या आत आणता येतो.

पण पाणी आत आलं तर ना!

एका मे महिन्यात आमच्या बंधाऱ्यात मासे मेले. पेपरात फोटो, खाली प्लांटचं नाव. मेहुण्याचा लगेच फोन, "दाजी, मारलेत ना मासे?" इकडे आमच्या आउटलेटचं पाणी बाटलीत स्वच्छ दिसत होतं. मी इनलेटच्या फ्लोमीटरचा आलेख काढला, तर रात्रीचं पाणी निम्म्यावर आलेलं. नाल्याचं पाणी उचलून आमच्याकडे पाठवणाऱ्या पंपिंग स्टेशनची वीज जात होती. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. नाला बांधावरून थेट नदीत, आणि मे महिन्यात नदी वाहते कुठे? सगळं बंधाऱ्यात तुंबलेलं. इकडे आमच्या टाकीतले जिवाणू उपाशी. आलेख साहेबांपुढे ठेवला तर म्हणाले, "आपला आउटलेट रिपोर्ट चांगला आहे ना? मग झालं."

हे आमच्यापुरतं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर), उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ एमएलडीवर. म्हणजे बांधलेले प्लांटसुद्धा पुरते भरत नाहीत, आणि पुढारी नव्या प्लांटचे नारळ फोडत फिरतात.

म्हणून माहिती अधिकारात आउटलेटचा रिपोर्ट मागू नका, तो चांगलाच येईल. नाल्यावरच्या पंपिंग स्टेशनचं लॉगबुक, वीजबिलं आणि डिझेलची नोंद मागा. आणि आपल्या गल्लीचं ड्रेनेज मुख्य वाहिनीला जोडलंय का तेही बघा. मेहुण्याच्या गल्लीचं अजून नाल्यातच जातं. नवा रस्ता खोदू देणार नाही म्हणून सह्या गोळा करण्यात हाच पुढे होता!

हां, प्लांटचीही बाजू फार घेत नाही. नायट्रोजन-फॉस्फरस काढायची सोय नसेल तर शुद्ध केलेल्या पाण्यावरही जलपर्णी माजते. कारखान्याचं रसायन चोरून गटारात सोडलं तर जिवाणूच मरतात, मग टाकी पुन्हा रुळायला बरेच दिवस जातात. तुमच्याकडे वासाबरोबर फेस किंवा रंगही दिसत असेल, तर पंपिंग स्टेशनच्या आधी एमआयडीसीकडून येणारा नाला बघून या.