खंदकातला गाळ काढायला घेतला आणि...

प्रश्न : इंग्लंडमध्ये सफक परगण्यात आम्ही जुनं शेतघर घेतलं. भोवती मध्ययुगीन खंदक आहे. गाळ काढायला पोकलेन लावला. निम्मा दिवस काम झाल्यावर कळलं, की हे संरक्षित स्मारक आहे. काढलेला गाळ आतल्या बेटावर पसरलाय. तो परत खंदकात लोटून टाकू का?

उत्तर : अजिबात लोटू नका. पोकलेन थांबवा आणि आहे तसं राहू द्या. 1979 च्या पुरातन स्मारक कायद्याच्या कलम 2 नुसार खणणं, दुरुस्ती, भर टाकणं, पाणी सोडणं या सगळ्याला आधी लेखी संमती लागते. बेटावर गाळ टाकणं हेही 'काम'च, आणि तो परत ढकलणं हे आणखी एक. उघड्या पडलेल्या जागेचे आणि ढिगाचे आज फोटो काढा. लाकूड दिसत असेल तर ओढू नका, ओलं ठेवा. पाण्याखालच्या गाळात हवा पोचत नाही म्हणून लाकूड, चामडं, बिया शेकडो वर्षं टिकतात. पुलाचे खांब बऱ्याचदा असेच सापडतात. वाळलं की दिवसांत तडकतं. खंदकाचं खरं मोल या गाळातच आहे, आणि पोकलेन नेमकं तेच उचलतो.

मग 'नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड' या संरक्षित वास्तूंच्या अधिकृत यादीवर तुमच्या जागेची नोंद काढून नकाशावरची हद्द बघा. राहतं घर सहसा वगळलेलं असतं, पण त्याखालची जमीन बहुधा आत येते. घर 'लिस्टेड' (म्हणजे संरक्षित इमारत म्हणून नोंदलेलं) असेल तर त्याची परवानगी वेगळी.

स्मारकाची ही नोंद लोकल लँड चार्ज (जमिनीवरच्या बंधनांची स्थानिक सरकारी नोंद) असते, म्हणजे खरेदीच्या वेळी वकील करतो त्या कागदपत्रांच्या तपासणीत, 'सर्च'मध्ये, ती यायला हवी. ती फाइल शोधा. 'माहीत नव्हतं' हा बचाव आहे, पण माहीत असण्यासारखं कारणही नव्हतं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. सर्चमध्ये नोंद निघाली तर तो टिकणं अवघड. दंडाला वरची मर्यादा नाही. जाणूनबुजून नुकसान केल्याचं कलम 28 लागलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणून हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेला स्वतःहून कळवा, मात्र लेखी निवेदन स्थानिक सॉलिसिटरला (वकिलाला) दाखवूनच.

पुढे गाळ काढायचाच असेल तर संमतीचा अर्ज हिस्टॉरिक इंग्लंडकडेच करा. त्याला फी नाही. पाण्यात ग्रेट क्रेस्टेड न्यूट (सरड्यासारखा दिसणारा संरक्षित उभयचर) असतील तर नॅचरल इंग्लंड या निसर्ग संरक्षणाच्या सरकारी संस्थेचा परवाना वेगळा. आणि तोवर कुणी मित्र मेटल डिटेक्टर घेऊन आला तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. लेखी परवानगीशिवाय तोही गुन्हा आहे.