बर्कलीत नोबेल मिळालं की गाडीला राखीव जागा मिळते, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर कॅम्पबेल हॉलजवळ 'रिझर्व्ह्ड फॉर एनएल' अशा पाट्या आहेत. एनएल म्हणजे नोबेल लॉरिएट. खाली 'कायम विशेष परवाना आवश्यक' अशी तंबीही आहे, म्हणजे नोबेलवाल्यांचीही परवान्यातून सुटका नाही! 1980 साली साहित्याचं नोबेल मिळालेले कवी चेस्वाव मिवोश तिथेच प्राध्यापक होते, आणि ही प्रथा त्यांच्यापासून सुरू झाल्याचं सांगतात. कॅम्पसवर गाडी लावायला जागा शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो, त्यामुळे या बक्षिसाचं तिथे भलतंच अप्रूप. फक्त एक: ही सवलत तिथे शिकवणाऱ्या विजेत्यांसाठी आहे. तिथून नुसती पदवी घेऊन पुढे दुसरीकडे नोबेल मिळवलं, तर त्यावर जागा मिळत नाही.