गिरणीत गेलेला माणूस कागदात शोधताना

भाऊ, पणजोबांची नोंद शोधायची तर "पणजोबा जिनात गेले", म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात वारले, एवढ्यावर थांबू नको. घरातल्या म्हाताऱ्यांना खोदून विचार: अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, की आडगावातला एखादा जीन? नवखे लोक मूळ गावातच शोधत बसतात. मृत्यू झाला तिथली नोंद धर. गाव असेल तर कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी वही, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. शहर असेल तर नगरपालिका. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत ने. मी एकटाच गेलो होतो, अख्खा दिवस वाया!

अपघात 1 जुलै 1924 नंतरचा असेल तर कामगार नुकसानभरपाई कायदा लागू होता. मृताची भरपाई मालकाने थेट घरच्यांना न देता या कायद्याखालच्या आयुक्तांकडे भरायची, त्यामुळे वारसांची नावं कागदावर येत. 1906 मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, हे दप्तर मागताना ध्यानात ठेव.

शेत होतं का? मग फेरफार, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याची नोंद, काढच. तरणा माणूस गेला की अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता) म्हणून बहुधा आईचं नाव सापडतं. माझ्या पणजीचं नाव मला तिथंच पहिल्यांदा कळलं. घरात सगळे तिला नुसतं 'मोठी माय' म्हणायचे.