खेड्यातून आई-वडिलांना घेऊन नागपूरच्या मोठ्या मॉलमध्ये जायचं आहे. आउटलेटमध्ये खरंच स्वस्त मिळतं का? म्हाताऱ्या माणसांना झेपेल का?

झेपेल. नक्की न्या. तुम्ही लिहिलंय की आर्णी तालुक्यातल्या गावाहून निघणार, सोबत आई-वडील आणि दोन पोरं, कपडे घ्यायचेत, थोडं खाणं-खेळणं, आणि आईच म्हणते, "आपल्यासारख्यांचं तिथं काय काम?" त्या एका वाक्यामुळे एवढं मोठं उत्तर लिहायला बसले.

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली. गावात शिलाईकाम करते, घरी सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. मागच्या डिसेंबरात दुसरी वेचणी आटोपल्यावर सासू-सासरे, नवरा आणि मुलगी असे आम्ही पाच जण नागपूरला गेलो होतो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नागपूर त्यांनी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातूनच काय ते पाहिलेलं.

आधी जाण्याचं सांगते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पासष्टच्या वरच्यांना अर्धं आणि पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना फुकट, म्हणून सगळ्यांची आधार कार्डं वरच्या खिशात ठेवा. तुमची गाडी यवतमाळ-वर्धा-बुटीबोरीवरून आली तर खापरीला उतरून मेट्रो धरा. तिथून थेट बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला उतरता येतं, गर्दीतून ऑटो शोधत फिरावं लागत नाही. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट असते. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास पोचलात तर दुकानातली पोरं निवांत असतात, नीट दाखवतात, आणि बाकावर बसायला जागा मिळते. म्हाताऱ्या माणसांसाठी ती बसायची जागाच सगळ्यात मोठी सोय.

आता दाराशी काय होतं ते. प्रत्येकाला तपासून आत सोडतात, पिशव्या यंत्रातून जातात. मामाजींच्या चंचीत, पान-सुपारीच्या पिशवीत, अडकित्ता होता. त्यांच्या वडिलांच्या हातचा, पितळी मुठीचा. गार्डनं तो काढून ट्रेमध्ये टाकला, चिठ्ठी ना नंबर. संध्याकाळी निघताना मागितला तर ड्यूटी बदललेली, नव्या माणसाला काही माहीत नाही. मामाजी एक शब्द बोलले नाहीत, नुसते त्या टेबलाकडे पाहत उभे राहिले. माझा नवरा अर्धा तास या दारातून त्या दारात फिरला तेव्हा मागच्या गेटच्या ड्रॉवरमध्ये तो सापडला. मॉलचं नाव लिहीत नाही, पण तेवढ्या अर्ध्या तासानं त्यांचा दिवस काळवंडला होता, आणि ती चूक माझी होती. निघताना चंची मीच भरून दिली होती. तुमच्या वडिलांना सवय असेल तर अडकित्ता, चुना-तंबाखू, आगपेटी घरीच ठेवायला सांगा. सुपारी फोडून कागदात बांधून द्या.

सरकत्या जिन्याचं सगळे विचारतात. लिफ्ट असतेच, ती वापरायला कोणी मनाई करत नाही. जिन्यावर चढायचंच असेल तर आईला लुगड्याचा किंवा साडीचा घोळ घोट्याच्या वर धरायला सांगा. पायरी वर जाऊन जिथं आत शिरते तिथं लोखंडी दात असतात, पदर-काठ तिथं अडकतो. खाली आणि वर, दोन्ही टोकांना लाल बटण असतं, ते दाबलं की जिना थांबतो. चढायच्या आधी ते कुठं आहे पाहून ठेवा. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, लिफ्टनंच गेल्या आणि लिफ्टनंच आल्या.

एक गोष्ट बायकांसाठी आवर्जून सांगते. प्रवासाला निघायचं म्हटलं की आपल्याकडची बाई आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते, कारण रस्त्यात जायचं कुठं हा प्रश्न. मॉलमध्ये स्वच्छ संडास असतात, पैसे लागत नाहीत, पाणी असतं, दाराला कडी असते. आईला हे आधीच सांगा, म्हणजे ती पोटभर पाणी पिऊन निघेल. आणि एसीत गारठा फार, शाल न्या. उन्हाळ्यात गेलात तर बाहेरच्या पंचेचाळीस अंशांतून एकदम आत आणि आतून एकदम बाहेर करू नका, दाराजवळ पाच मिनिटं थांबा.

आता तुमचा खरा प्रश्न. आउटलेट म्हणजे मुळात गिरणीच्या किंवा कारखान्याच्या दारातलं दुकान. तिथं शिल्लक राहिलेला, थोडी खोट असलेला, मागच्या हंगामाचा माल कमी भावात काढायचे. आजही आउटलेटमध्ये तसा माल असतो, आणि तो घेण्यासारखा असतो. पण दुसरा एक माल असतो जो आउटलेटसाठीच हलका बनवलेला असतो. ब्रँड तोच, पण कापड पातळ, शिवण विरळ. चिठ्ठीवर खोडलेली मोठी किंमत आणि खाली छोटी किंमत दोघांवरही सारखीच छापलेली असते, म्हणून चिठ्ठी पाहून फरक कळत नाही. कपडा उलटा करून पाहावा लागतो.

मी असं पाहते. शर्ट उलटा करायचा आणि बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती सोडली आहे ते बघायचं. बोटभर माया असेल तर पुढे उसवून सैल करता येतं. काठावरच शिवलेलं असेल तर दोन धुण्यांत कापड शिवणीतून सुटतं. शिवण दोन हातांनी आडवी ताणायची. टाक्यांमधून उजेड दिसला तर ठेवून द्यायचा. काजाचे धागे निघालेले आहेत का, पट्ट्यांचं कापड असेल तर खिशावरचे पट्टे अंगावरच्या पट्ट्यांशी जुळतात का, हेही बघायचं. जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून हलक्या मालात ते कोणी जुळवत नाही. 'खोट असलेला माल' लिहिलं असेल तर घाबरू नका, ती खोट कुठं आहे ते विचारा. मी नवऱ्यासाठी एक पँट घेतली, तिच्या आतल्या खिशाची शिवण तिरपी होती. घरी येऊन दहा मिनिटांत उसवून सरळ केली.

आणि कापडाची पारख तुमच्या वडिलांवर सोडा. आमच्याकडे काय झालं सांगते. एका दुकानात '१,७९९ चा ८९९' असा शर्टांचा ढीग होता. मामाजींनी एक शर्ट उचलला, त्याचा खालचा घेर अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चोळला, जसं मापाला कापूस नेल्यावर व्यापारी बोंडातली रुई ओढून धागा पाहतो तसं. मग दुसरा चोळला. पहिला बाजूला ठेवून म्हणाले, "याच्यात अर्ध प्लास्टिक हाये बाई." मी कॉलरच्या आतली चिठ्ठी वाचली. साठ टक्के कॉटन, चाळीस टक्के पॉलिस्टर. दुसऱ्यावर शंभर टक्के कॉटन होतं. दोघांची किंमत एकच. ढिगात शंभर टक्के सुतीची किंमत मोजून साठ टक्क्यांचं घेऊन जाणारी माणसं मी रोज माझ्या मशिनीवर पाहते. चिठ्ठी वाचाच. 'कॉटन रिच' किंवा 'कॉटन ब्लेंड' म्हणजे शुद्ध सुती नव्हे. घरी आल्यावर शंका असेल तर आतल्या मायेतला एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

मग मामाजींनी मला विचारलं, "यात आपला कापूस किती रुपयाचा?" दुकानात उभ्या-उभ्या आम्ही हिशेब केला. एक क्विंटल कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी, म्हणजे बी. सूत काढताना आणि कापड कापताना नासधूस धरली तरी पावशेर वजनाचे शंभराच्या आसपास शर्ट निघतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एका शर्टात शेतकऱ्याचा वाटा फार तर ८१ रुपये, आणि सरकीची किंमत वेगळी काढली तर त्याहूनही कमी. बाकीचे पैसे सूत, विणाई, रंग, शिलाई, वाहतूक, दुकानाचं भाडं आणि नावाचे. मामाजींनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. शर्ट घेतला त्यांनी, शंभर टक्के सुती, पांढऱ्यावर बारीक निळी रेघ. दुकानातला पोरगा आर्वीकडचा निघाला, त्याच्याही घरी पऱ्हाटीच. तो आधी आमच्या मागे-मागे फिरत होता, नंतर त्यानंच आतून घडी न मोडलेला शर्ट आणून दिला.

तुमच्या आईला हेच सांगा. त्या दुकानांतला बराचसा माल ज्या कापसापासून होतो, तो तिनं ओटीत वेचलाय. तिचं तिथं काम आहे.

वेळ असेल तर बर्डीवर मेट्रो बदलून पुढच्याच स्टेशनला, कॉटन मार्केटला उतरा. तिथून जवळच गांधीसागर तलावाच्या बाजूला एम्प्रेस मॉल आहे. खरेदी करायची नसली तरी वडिलांना तो परिसर दाखवा. तिथं पूर्वी एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून हे नाव. मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथला होता, आपल्या वऱ्हाड-वर्ध्याचा. हिंगणघाटचा कापूस त्या काळी त्याच नावानं परदेशी जायचा. मामाजी लहानपणी वडिलांसोबत बैलबंडीतून हिंगणघाटच्या जिनिंगला, म्हणजे रुई-सरकी वेगळी करायच्या कारखान्यात जात, आणि रुईच्या गठाणी पुढे कुठं जातात विचारलं की "मिलले" एवढंच उत्तर मिळायचं. त्या मिलच्या जागेवर ते पाच मिनिटं उभे राहिले. मी त्यांना घाई केली नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. वरच्या मजल्यावर सगळी खाण्याची दुकानं एकत्र असतात. काही ठिकाणी आधी कार्डात पैसे भरावे लागतात. थोडेच भरा, आणि उरलेले परत मिळतात का हे भरायच्या आधी विचारा. पोरांच्या खेळांच्या कार्डालाही हेच लागू. पोरांना आकडा आधी सांगून ठेवा, दोघांत एवढे, संपले की संपले. म्हाताऱ्यांना तिथलं खाणं पचत नाही. आम्ही भाकरी, झुणका नेला होता आणि आत नेऊ देत नाहीत म्हणून बाहेर झाडाखाली जेवूनच आत शिरलो. आत मग आईंनी एक आइस्क्रीम खाल्लं, तेही संपेपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

बिल देताना घाई करू नका. 'पन्नास टक्क्यांपर्यंत' लिहिलेलं असेल तर त्यातला 'पर्यंत' हा शब्द वाचा, सगळ्या मालावर पन्नास नसतात. 'दोनावर दोन' घेताना आपल्याला चार हवेत का ते विचारा. छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्याच्यावर एक रुपयाही मागता येत नाही. मागितला तर बिल घ्या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. सवलतीचा माल बदलून देतात का हे पैसे द्यायच्या आधी विचारा आणि बिलावर पाहा. पिशवीचे वेगळे पैसे लावतात, म्हणून घरून दोन कापडी पिशव्या न्या.

आणि सकाळी निघतानाच एसटीच्या चौकशीच्या खिडकीवर नागपूरहून यवतमाळकडच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या, पुढे आर्णीला जायला काय मिळेल तेही. आत एकदा शिरलं की खिडकी नसते, बाहेर अंधार पडला तरी कळत नाही.